सायकॅड कुठे उगवतात आणि कुठे नाही: सोलापूरच्या वनस्पतिशास्त्र प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर्व प्राध्यापक,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयाच्या आवारात सायकसची एखाद-दोन झाडे आहेत, आणि अनावृत्तबीजी (फळाच्या आवरणाविना उघडे बी धरणाऱ्या) वनस्पतींचे प्रात्यक्षिक आले की त्यांच्याच पर्णिकांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली जातात. प्रवाळासारखी दिसणारी मुळे, त्यांतील नील-हरित जीवाणूंचे कडे, बरणीतला नरशंकू (नर झाडाचा परागकण धरणारा अवयव) आणि बीजांडे धरणारे केसाळ पान हे सारे विद्यार्थी नीट पाहतात, आकृत्या काढतात, त्यांना नावे देतात आणि गुणही मिळवतात. या शिकवण्यात एक प्रश्न मात्र जवळजवळ कधीच येत नाही, आणि तो विचारला जावा एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही वनस्पती निसर्गात नेमकी कुठे उगवते, आणि ज्या डोंगरावर उगवते त्याला लागूनच असलेल्या, दिसायला तशाच डोंगरावर ती का उगवत नाही?

सायकस ज्या गटात मोडतो त्या सायकॅड वनस्पतींच्या जागा जगाच्या नकाशावर रंगवायला घेतल्या तर सलग पट्टा कुठेच तयार होत नाही. आज त्यांच्या दहा प्रजाती (जीनस) आणि त्यांत मिळून साडेतीनशेहून अधिक जाती (स्पीशीज) ज्ञात आहेत. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिकेचा पूर्व व दक्षिण भाग, दक्षिण आणि आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील काही बेटे एवढा त्यांचा पसारा आहे; पण या पसाऱ्याच्या आत एकेक जात एखाद्या दरीपुरती, एखाद्या डोंगररांगेपुरती किंवा एखाद्या बेटापुरती उरलेली दिसते. आपल्या देशातही तेच आहे. सायकस सर्सिनॅलिस पश्चिम घाटात केरळ-कर्नाटकापासून महाराष्ट्राच्या दक्षिण भागापर्यंत तुटक तुटक आढळतो, सायकस स्फेरिका पूर्व घाटात, सायकस पेक्टिनाटा ईशान्य भारतात, सायकस अन्नैकलेन्सिस केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील एका छोट्या भागात, आणि सायकस बेडोमी आंध्र प्रदेशातील शेषाचलमच्या परिसरात.

या तुटकपणाचे एक उत्तर आपण वर्गात सहज देऊन टाकतो. ही प्राचीन वनस्पती आहे, एके काळी सर्वत्र होती, आता तिचे अवशेष तेवढे उरले आहेत, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. सायकॅडांचे जीवाश्म पर्मियन कालखंडापर्यंत, म्हणजे २५ कोटी वर्षांहून मागे जातात; सोलापूरच्या जमिनीखालचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि सायकॅडांचा वंश त्याच्यापेक्षा कितीतरी जुना आहे. परंतु २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या रेणवीय (डीएनएच्या तुलनेवर आधारलेल्या) अभ्यासाने असे दाखवले की, वंश जुना असला तरी आज जिवंत असलेल्या जातींपैकी बहुतेक जाती गेल्या सुमारे १ कोटी २० लाख वर्षांत वेगळ्या झालेल्या आहेत. त्यामुळे आजची त्यांची विखुरलेली ठाणी केवळ डायनोसॉरांच्या काळातील उरलीसुरली शिल्लक आहे असे सांगून थांबणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे आहे. ती ठाणी आजच्या पावसाने, खडकाने, सावलीने, वणव्याने आणि कीटकांनी ठरवलेली आहेत, आणि या गोष्टी विद्यार्थ्याला मोजता येतात, ताडून पाहता येतात.

पावसापासून सुरुवात करू, कारण सोलापूरकराच्या मनात पहिला विचार पावसाचाच येतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे, वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे गेलेला असतो. म्हणून येथे सायकॅड नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या अगदी मध्यभागी, मॅकडॉनेल पर्वतरांगेत, मॅक्रोझामिया मॅकडॉनेली नावाचा सायकॅड वाढतो, आणि त्या रांगेजवळच्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावी वर्षाला सरासरी तीनशे मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. ही जात सभोवतीच्या सपाट वाळवंटात उगवत नाही. ती खोल घळींत, कड्यांच्या भेगांत आणि खडकाळ उतारांवर उगवते, जिथे कड्याची सावली दिवसाचा बराच भाग मिळते आणि थोड्या पावसाचेही पाणी उघड्या खडकावरून वाहत येऊन भेगांत मुरते. पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस आणि मुळापर्यंत पोहोचलेले पाणी यांत केवढे अंतर असू शकते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. प्रदेशाची सरासरी वनस्पतीला भोगावी लागत नाही. तिला भोगावे लागते ते तिच्या स्वतःच्या हातभर जागेतले हवामान.

याचे जवळचे उदाहरण शेषाचलमचे आहे, आणि मी त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण सोलापूरच्या माणसाचे त्या डोंगरांशी नाते जुने आहे. मुंबई-चेन्नई लोहमार्ग आपल्या शहरातून निघून वाडी, गुंतकल, कडप्पा करीत रेणिगुंट्याला पोहोचतो. आपल्याकडची किती तरी कुटुंबे, विशेषतः पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकर घराणी, दर वर्षी बालाजीच्या दर्शनाला याच मार्गाने जातात. तिरुमलाचा घाट चढताना दोन्ही बाजूंना जे डोंगर दिसतात त्या परिसरात सायकस बेडोमी आहे. उन्हाळा तिथेही कडक आहे आणि जंगल पानगळीचे, कोरडे, गवताळ आहे. तरीही ही जात त्या डोंगरांत तग धरते, आणि आपल्या भीमा-सीनेच्या खोऱ्यात एकही जात नाही. दोन ठिकाणांची तुलना मांडली की विद्यार्थ्यासमोर फरक आपोआप उभे राहतात. तिथला खडक मुख्यतः क्वार्टझाइट, कठीण, भेगाळलेला. आपला बेसाल्ट, ज्याची झीज होऊन काळी चिकण माती बनते. तिथे उतार आहेत, आपल्याकडे पठार आणि लांबच लांब सपाटी. तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये परतीचा ईशान्य मोसमी पाऊस असा दोनदा ओलावा मिळतो. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर जमीन कोरडीच होत जाते. यांपैकी कोणता फरक निर्णायक आहे, हे विद्यार्थ्यांनी पुरावा मागत शोधावे, आणि तेच खरे परिस्थितिकीशास्त्राचे शिक्षण होईल.

काळ्या मातीविषयी आपल्याला वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते, चिखल होते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारीला ती मानवते. सायकॅडांच्या बहुतेक जातींना मात्र पाण्याचा निचरा होणारी जागा लागते. मुळाशी पाणी साचून राहिले की मूळ आणि बुंधा कुजतो. खडकाच्या भेगा, वाळूमिश्र उतार, चुनखडीचे कडे अशा जागी त्यांची ठाणी वारंवार सापडतात, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण प्रवाळसदृश मुळांत आहे. तिथले नील-हरित जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधून झाडाला देतात, म्हणून इतर वृक्षांना न झेपणाऱ्या निकस जमिनीवर सायकॅड उभे राहू शकतात. समृद्ध जमिनीवर वेगाने वाढणारी झाडे त्यांना झाकून टाकतात. निकस कड्यावर स्पर्धा कमी असते आणि संथ वाढ परवडते. मुळाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली दाखवताना एवढी दोन वाक्ये जरी सांगितली, तरी त्या हिरव्या कड्याला अर्थ येईल.

वणव्याबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या पानांच्या बुडख्यांचे चिलखत बुंध्यावर असल्याने मोठे झाड आगीतून वाचते, रोपाची आकुंचन पावणारी मुळे त्याचा कोवळा शेंडा जमिनीखाली ओढून घेतात, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील मॅक्रोझामिया रीडलेईसारख्या जातींत तर आगीनंतर शंकू येण्याचे प्रमाण वाढते. मात्र वणवे फार लवकर लवकर लागू लागले तर कोवळी रोपे मरतात, आणि डोंगरावर फक्त म्हातारी झाडे उरतात.

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो त्याकडे येतो. एखाद्या जागी झाड जगू शकणे आणि त्याच जागी त्याची पिढी पुढे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सायकॅडांचा तुटक विस्तार दुसऱ्या गोष्टीने ठरतो. आपल्या बागांतील सायकस हेच सिद्ध करतो. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर आणि चीनच्या फुजियान किनाऱ्यावर मूळ असलेला सायकस रेव्होल्यूटा सोलापूरच्या उन्हात, पाणी घातले की, वर्षानुवर्षे उत्तम वाढतो. पण तो माळी लावतो तिथेच राहतो. बुंध्याच्या बाजूला फुटणाऱ्या कंदिका काढून त्याची नवी रोपे केली जातात. कुंपणाबाहेरच्या माळावर त्याचे आपोआप उगवलेले रोप दिसत नाही. प्रौढ झाडाला आपले हवामान सोसते. बी पडण्यापासून रोप रुजण्यापर्यंतची साखळी मात्र येथे जुळत नाही.

ती साखळी किती नाजूक आहे हे पाहण्यासारखे आहे. सायकॅडांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. पूर्वी त्यांचे परागण वाऱ्याने होते असे मानले जाई. आता अनेक जातींच्या बाबतीत हे काम विशिष्ट सोंडकिडे, भुंगेरे किंवा फुलकिडे करतात हे सिद्ध झाले आहे. शंकू स्वतः उष्णता निर्माण करतात, गंध सोडतात, आणि ऑस्ट्रेलियातील मॅक्रोझामिया लुसिडामध्ये तर दिवसाच्या ठरावीक वेळी वाढलेली उष्णता व तीव्र गंध फुलकिड्यांना नरशंकूतून बाहेर घालवतात, आणि मग सौम्य झालेला गंध त्यांना मादीशंकूकडे ओढतो. तो कीटक जिथे नाही तिथे शंकू येऊनही बी धरत नाही. बी धरले तरी ते जड असते. वरचा मांसल थर खाणारे पक्षी-प्राणी असले तर ते थोडे दूर जाते, नाही तर आईच्या बुडाशीच पडते. आतला गर विषारी असल्याने तो गिळून लांब नेणारे फारच थोडे. बी पडते तेव्हा त्यातला भ्रूण बऱ्याचदा अजून पूर्ण वाढलेला नसतो, त्याला आणखी काही महिने लागतात, आणि तेवढ्या काळात बी पूर्ण वाळले तर ते जगत नाही. म्हणून झुडपाची सावली, पाचोळा किंवा दगडाचा आडोसा असलेल्या जागीच रोपे वाचतात. डोंगराच्या एका उतारावर झाडांचा घट्ट पुंजका आणि शेजारचा उतार रिकामा, हे चित्र यातून तयार होते. रिकाम्या उतारावर माती वाईट असेलच असे नाही. कदाचित तिथपर्यंत बी पोहोचलेच नसेल. सायकस प्रजातीतील काही किनारी जातींच्या बियांत स्पंजासारखा थर असतो आणि त्या समुद्रावर तरंगतात. त्यामुळे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत त्या पोहोचल्या. ज्यांना तो थर नाही त्या आपल्या डोंगरात अडकून राहिल्या.

साखळीतला एक दुवा तुटला की काय होते, याचे उदाहरण एन्सेफेलार्टोस वूडी या जातीचे आहे. जॉन मेडली वूड यांना १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळमधील न्गोये जंगलात या जातीचे एकच झुबकेदार झाड सापडले, आणि ते नर होते. मादी आजवर कुणालाही सापडलेली नाही. जगभरच्या वनस्पती उद्यानांत आज या जातीची जी झाडे आहेत ती सर्व त्या एकाच नराच्या फुटव्यांपासून आलेली आहेत. त्याच देशातील एन्सेफेलार्टोस लॅटिफ्रॉन्सची उरलेली झाडे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की नैसर्गिक परागण जवळजवळ थांबले आहे. दोन्ही जातींची झाडे निरोगी दिसतात, नवी पाने फुटतात, आणि तरी निसर्गात त्यांना भविष्य उरलेले नाही. जगण्याला पोषक हवामान असून पिढी बंद पडते, हे विद्यार्थ्याला समजले पाहिजे.

यामुळेच मानवी उपद्रवाचा परिणाम या गटावर इतका खोल होतो. सायकॅडांच्या साठ टक्क्यांहून अधिक जाती धोक्यात आहेत. वीस-पंचवीस झाडांच्या पुंजक्यातून शोभेसाठी चार मोठी झाडे उपटली, आणि त्यांत मादी झाडे जास्त गेली, तर उरलेला पुंजका हिरवा दिसत राहतो आणि आतून संपतो. पश्चिम घाटात सायकस सर्सिनॅलिसची पाने फुलांच्या सजावटीसाठी तोडली जातात. पान वारंवार तोडलेल्या झाडाकडे शंकू धरण्याइतका साठा उरत नाही. सायकस बेडोमीला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात तो सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. उरलेले बहुतेक सायकॅडही दुसऱ्या परिशिष्टात आहेत. शोभेच्या झाडांच्या व्यापारातून आणखी एक संकट फिरते. ग्वाम बेटावर २००३ मध्ये एक खवले कीड आढळली. ती बागेतल्या सायकस रेव्होल्यूटावरून बेटाच्या स्वतःच्या सायकस मायक्रोनेसिकावर गेली, आणि जंगलात जो सायकॅड विपुल होता त्याची बहुसंख्य झाडे काही वर्षांत मेली. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा सांभाळणाऱ्या आपल्या जिल्ह्याला रोपांबरोबर येणाऱ्या किडीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सर्व लक्षात घेऊन माझी आपणाला काही विनंती आहे. पहिली विनंती प्रात्यक्षिकाच्या वहीविषयी आहे. सायकसच्या आकृत्यांच्या आधी एक पान नकाशाचे असावे: भारतातील जाती, त्यांची ठाणी, त्या जागेचा खडक, उतार, पावसाचे महिने, आणि खाली विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक अनुमान की ही जात शेजारच्या जागी का नसावी. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी विनंती अशी की, तुटक विस्तार वाचायचा सराव आपल्या माळावरच करून घ्यावा. नान्नजच्या परिसरात किंवा हिप्परगा तलावाकडे जाताना मुरमाड टेकाडावर एक गवत, खोलगट काळ्या जमिनीत दुसरे, आणि ओढ्याच्या काठाने बाभूळ-हिवर असा बदल पावलांच्या अंतरावर दिसतो. विद्यार्थ्यांनी एक दोरी टाकून, दर काही पावलांवर मातीची खोली, ओलावा, उतार आणि तिथली वनस्पती नोंदवली, तर जो नियम मॅकडॉनेलच्या घळीत चालतो तोच सोलापूरच्या माळावर चालताना त्यांना दिसेल. मात्र या माळावर कुणी हौसेने सायकस लावू नये. माळरान ही स्वतः एक पूर्ण परिसंस्था आहे. तिला शोभेच्या झाडांची उणीव नाही.

तिसरी गोष्ट आवारातील झाडांची. दर वर्षी प्रत्येक तुकडीसाठी प्रवाळसदृश मुळे उकरणे थांबवावे. एकदा मुळाच्या छेदांच्या चांगल्या कायमस्वरूपी काचपट्ट्या करून घेतल्या तर त्या पुढच्या कित्येक तुकड्यांना पुरतात. त्याऐवजी प्रत्येक झाडाची एक नोंदवही ठेवावी: जात कोणती, नर की मादी, नवी पाने केव्हा फुटली, शंकू केव्हा आला, बी धरले का, पानाच्या पाठीवर पांढरी खवले कीड आहे का. जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांनी अशा नोंदी एकत्र केल्या तर सोलापूरच्या हवामानात हे झाड नेमके कोणत्या टप्प्यावर अडते ते आपल्याला स्वतःच्या निरीक्षणातून कळेल, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना खऱ्याखुऱ्या माहितीवर काम करायला मिळेल.

नवीन झाड घ्यायचे असेल तर रोपवाटिकेला ते बियांपासून किंवा कंदिकांपासून वाढवलेले आहे का, हे लेखी विचारावे. मुळे तोडलेला, जाड, जुना बुंधा स्वस्तात मिळत असेल तर तो कोणत्या डोंगरातून आला असेल याचा विचार करून तो नाकारावा. शहरातील संस्था बाग करताना आपलाच सल्ला घेतात, म्हणून हा नकार आपल्या आवारापुरता राहणार नाही.

शेवटी, शैक्षणिक सहलींपैकी एखादी तिरुपतीला न्यावी. तिथल्या वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, एकही पान तोडू नये, आणि मुलांना घाटाच्या एका उताराकडून दुसऱ्याकडे पाहत सायकस कुठे आहे आणि कुठे नाही याची फक्त नोंद करायला सांगावी. तुलनेचा तक्ता आणि नकाशाच्या पानाचा कच्चा आराखडा मी तयार केला आहे. ज्या विभागाला हवा असेल त्याला तो मी जूनमध्ये नवे सत्र सुरू होण्याआधी देईन, आणि बोलावल्यास माळावरच्या पहिल्या नोंदीच्या दिवशी दोरी धरायलाही येईन.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर